जिथं वीण घट्ट झाली

“थांबा, झोळी हलवू नका,” म्हणत रितानं काटा पुन्हा वर उचलला. निळ्या झोळीत अडीच महिन्यांची कीर्ती पाय पोटाशी घेऊन निमूट पडली होती. ना रडणं, ना हातपाय झाडणं. सुई जरा डगमगली आणि मघाशी होती तिथंच येऊन थांबली. चार किलो दोनशे.

रिता त्या मोहल्ल्याची आशाताई. गेली बारा वर्षं भंडाऱ्याच्या त्या जुन्या वस्तीतलं प्रत्येक बाळ तिच्या झोळीतून गेलेलं. तिनं कार्ड उघडून पाहिलं. दीड महिन्याच्या लशीला चार किलो शंभर होतं. चार आठवड्यांत लेकरू फक्त शंभर ग्रॅम वाढलं होतं.

“काटा बिघडला असन,” गोपाळराव म्हणाले. ते ओसरीतल्या हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. बसायला घरात खुर्ची होती, पण खुर्चीवर बसलेले गोपाळराव सोनकुसरे कुणी पाहिले नव्हते.

“काटा नवा हाये, काकाजी. आत्ताच बाजूच्या गल्लीतल्या पोट्टीचं वजन करून आली मी.”

“मंग आमची पोरगी बारीक बांध्याची असन. पण शांत किती हाये पाहा. रात्री दहाले झोपली का सकाळी सहाले उठते. मधात एकदाबी नाही. मोहल्ल्यात कोणालेबी विचारा.” हे सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. गेला महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते हेच सांगत होते.

रिताचा हात कार्डावरच थांबला. “रातभर पीत नाही?”

“झोपूनच राहते तं पीन कशी?”

“मोनिका कुठी हाये?”

“आत पडली हाये. अंग कसकस करते म्हणते. थंडी पडली ना यंदा लवकर.”

रितानं बाळाला वाकळेवर ठेवलं आणि ती आत गेली. दार लोटलं. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग मोनिकाचं कण्हणं आलं. गोपाळरावांनी नजर मागाच्या दोऱ्यांकडे वळवली. सुनेच्या खोलीतलं सासऱ्यानं ऐकायचं नसतं.

रिता बाहेर आली ती बदललेल्या चेहऱ्यानं. मोनिकाचा नवरा भूपेंद्र नुकताच रात्रपाळीवरून येऊन दात घासत उभा होता, त्याला ती म्हणाली, “दादा, ऑटो बोलवा. दवाखान्यात न्या लागते. डावीकडचं दूध तुंबून दगड झाला हाये, अंगात ताप फणफणून राहिला. आत पू झाला असन तं चिरा लागन.”

“असं कसं झालं एकदम?” भूपेंद्रच्या तोंडातून फेस खाली सांडला.

“एकदम नाही झालं. रात्रीच दूध जास्त येते. लेकरू प्यालं नाही तं ते तुंबते, मंग हळूहळू आटते. इतकं लहान लेकरू रात्री दोन-तीन डाव उठते, उठलंच पाहिजे. ही उठत कशी नाही तेच मले समजत नाही.”

“बाबा माग चालवते ना,” भूपेंद्र भाबडेपणानं म्हणाला. “त्याच्या आवाजानं झोपते. माग चालू असला का उठतच नाही.”

रितानं मागाकडे पाहिलं, मग गोपाळरावांकडे. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं गोपाळरावांना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

गोपाळरावांचं सगळं आयुष्य त्या खड्ड्याच्या काठावर गेलं होतं. चौदाव्या वर्षी बापानं बसवलं, ते एकाहत्तराव्या वर्षापर्यंत बसलेलेच. नऊवारी लुगडी विणली, मग लुगडी नेसणाऱ्या बाया कमी झाल्या तशी धोतरं, मग टॉवेल, मग चादरी. शेवटी ज्या संस्थेकडून सूत यायचं तिच्या दाराला कुलूप लागलं. बायको कुसुमताई होत्या तोवर त्या सुताच्या कांड्या भरून द्यायच्या आणि संध्याकाळी मागावर उदबत्ती फिरवायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि माग ओसरीत नुसता उभा राहिला. त्याच्यावर कपडे वाळू लागले.

मोनिकाला दिवस गेले तेव्हा भूपेंद्रनं विषय काढला होता. “बाबा, आता लेकरू येईन. ओसरीत पलंग टाकला पाहिजे. हा माग मोडून लाकूड देऊन टाकू कोणाले.” त्याचं चूक नव्हतं. दोन खोल्यांचं घर, त्यातली अर्धी ओसरी मागानं खाल्लेली. गोपाळराव म्हणाले, “पाहू बाळंतपण झाल्यावर.” म्हणाले खरे, पण रात्री अंथरुणातून उठून मागाच्या खांबावर हात ठेवून उभे राहिले होते.

बाळंतपण मोनिकाच्या माहेरी, बपेऱ्याला झालं. सव्वा महिन्यानं ती बाळ घेऊन परतली आणि पहिल्याच रात्री घरात आकांत झाला. कीर्ती रडायला लागली की निळी पडेपर्यंत रडे. पाजावं, तर दोन घोट घेऊन सोडून देई आणि पुन्हा पाचव्या मिनिटाला रडे. भूपेंद्रची रात्रपाळी, कारध्याच्या पुलापलीकडल्या कारखान्यात. घरात सून आणि सासरा दोघंच. सासूबाई असत्या तर त्यांनी काही सांगितलं असतं. मोनिका एकटीच बाळाला खांद्यावर घेऊन आतल्या खोलीत फिरत राही. चौथ्या रात्री ती फिरता फिरता भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगली आणि बाळ हातातून सुटता सुटता राहिलं. गोपाळरावांनी ते दारातून पाहिलं.

“आण, मी पाहतो थोडा वेळ,” ते म्हणाले.

त्या घरात सून आणि सासरा एकमेकांच्या हातात काही देत नसत. पाण्याचा पेलासुद्धा मोनिका खाली ठेवी आणि मग गोपाळराव उचलत. तिनं बाळाला ओसरीतल्या वाकळेवर ठेवलं, पदर सावरला आणि बाजूला झाली. गोपाळरावांनी उचलून घेतलं. जोजवलं, गुणगुणलं, काही उपयोग झाला नाही. बाळाला वाकळेवर ठेवून ते हताशपणे मागाच्या काठावर बसले. पाय सवयीनं खड्ड्यातल्या पावड्यांवर गेले, उजव्या हातानं दोरी ओढली आणि धोटा सुटला. खट्ट. डाव्या हातानं सूत ठोकून बसवणारा हात्या पुढं ओढला. धप्प. उभ्या सुताचा जुना ताणा अजून तसाच लावलेला होता. खट्ट-धप्प, खट्ट-धप्प.

रडणं थांबलं. कीर्तीनं डोळे मोठे करून आढ्याकडे पाहिलं आणि पंधरावीस धोट्यांत ते मिटून घेतले.

दाराशी उभ्या मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. गोपाळरावांच्याही आलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या मागाचा कुणाला उपयोग झाला होता.

मग तो रोजचाच नेम झाला. दहा वाजता बाळ ओसरीत वाकळेवर, मोनिका आत, आणि गोपाळराव मागावर. थांबले की बाळ चुळबुळे, म्हणून ते थांबत नसत. पेटीत उरलेलं सूत काढलं, कांड्या स्वतःच भरल्या. पहाटे तिकडंच टेकून डुलकी घेत आणि दिवसा झोप काढत. मोहल्ल्यातल्या बाया कौतुकानं बघायला आल्या. भूपेंद्र तर मित्रांना फोनवर सांगे, “आमच्या बाबाच्या मागानं पोरगी झोपते.” माग मोडायचा विषय घरातून आपोआप गेला. त्याचा आनंद गोपाळरावांना नातीच्या झोपेपेक्षा कमी नव्हता, आणि खरं दुखणं तिथंच होतं.

कारण त्यांना कळलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच एकदा रात्री दोनच्या सुमाराला कीर्ती जागी झाली होती. रडली नव्हती. मान एकीकडे वळवून तोंड उघडत होती, ओठ हलवत होती, मूठ तोंडात घालत होती. तीन लेकरं वाढवलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. लेकरू भुकेलं होतं. उठून दारावर टकटक केली असती आणि ‘मोनिका, पोरगी उठली’ एवढं म्हटलं असतं तर झालं होतं. पण उठायचं म्हणजे माग थांबणार, माग थांबला की बाळ रडणार, आणि ‘मागानं रातभर झोपते’ हे बोलणं खोटं पडणार. त्यांनी पावड्या जोरात दाबल्या. हात्या जोरानं मारला. दहा धोटे, वीस धोटे. बाळाच्या ओठांचं हलणं मंदावलं आणि ते पुन्हा झोपलं.

त्यानंतर जवळजवळ रोज तसं झालं. दोन वेळा, कधी तीन वेळा. काही रात्रींनंतर बाळानं तोंड उघडणंही कमी केलं. गोपाळरावांनी मनाशी म्हटलं, सवय लागली.

एकदा मोनिका दाराशी येऊन उभी राहिली होती. “मामाजी, पोट्टी उठली का?” तिनं हळूच विचारलं.

“नाही, नाही. झोपली हाये गाढ. तू झोप, बेटा. मी आहो ना.”

तिनं पदर छातीशी घट्ट धरला होता आणि पदर ओला होता. ते काय असतं हे गोपाळरावांना माहीत होतं. कुसुमचं पोलकं तसंच भिजायचं. त्यांनी लाजेनं नजर वळवली. सुनेच्या पदराकडे सासऱ्यानं पाहायचं नसतं. पण ती लाज सोयीची होती, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

दवाखान्यात गळू चिरावं लागलं. मोनिका पाच दिवस तिथं होती, बाळ तिच्याजवळच. डॉक्टरीणबाईंनी भूपेंद्रला स्पष्ट सांगितलं की डाव्या बाजूचं दूध पुन्हा नीट येईल याचा भरवसा नाही. उजव्या बाजूनं पाजायचं, दर दोन तासांनी पाजायचं, झोपली असेल तर उठवून पाजायचं.

“बाबा, तुमची काही गलती नाही,” भूपेंद्र घरी डबा न्यायला आला तेव्हा म्हणाला. “तुमाले का माहीत होतं?”

गोपाळरावांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि पिशवी पुढं केली.

तो गेल्यावर ते मागावर जाऊन बसले. चार आठवड्यांत विणलेलं कापड पुढच्या दांड्यावर गुंडाळलं गेलं होतं. पांढरं, जाडंभरडं, कुणी विकत घेणार नाही असं. त्यांनी दांडा उलटा फिरवून ते उलगडायला सुरुवात केली आणि त्यावरून हात फिरवला. बोट एका जागी अडखळलं. जरा पुढं पुन्हा अडखळलं.

दिसत काही नव्हतं. डोळ्याला सगळं कापड सारखंच होतं. पण बोटाखाली दर हातभरानं एक पट्टी लागत होती, दोन बोटं रुंदीची, तिथं सूत दाबून दाबून बसलेलं. हात्या जोरानं मारला की वीण घट्ट होते. एकाही विणकराला हे सांगावं लागलं नसतं. ज्या ज्या वेळी लेकरू भुकेनं जागं झालं आणि त्यांनी त्याला मागाच्या ठोक्यांनी झोपवलं, ती ती वेळ कापडात बसली होती. त्यांना ती मोजायची नव्हती, पण हात थांबेना. दांडा संपेपर्यंत पट्ट्या येत राहिल्या. अलीकडच्या रात्रींत विणलेल्या भागात त्या विरळ झाल्या होत्या, आणि त्याचंच त्यांना सगळ्यांत जास्त भय वाटलं.

त्यांनी कापड कापून काढलं, घडी करून पेटीवर ठेवलं आणि हात्याला सुतळीच्या तीन गाठी मारून तो खांबाला बांधून टाकला.

मोनिका घरी आली. त्या रात्री कीर्ती जी रडायला लागली ती थांबेना. भूपेंद्रनं दोन दिवसांची सुट्टी काढली होती. त्यानं तासभर कळ काढली आणि मग ओसरीत आला.

“बाबा, थोडा वेळ चालवा ना माग. पाजलं हाये तिले, पोट भरलं हाये. फक्त झोपेपुरतं.”

“नाही.”

“रडून रडून मरून जाईन ती.”

“रडू दे. रडली तं समजते तरी का भुकेली हाये.” गोपाळराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले. भूपेंद्रला वाटलं, बाबा चिडले. तो पुन्हा आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिता मुद्दाम येऊन बसली. संध्याकाळी थोड्याथोड्या वेळानं पाजायचं, दिवा मंद ठेवायचा, पाजल्यावर उभं धरून ढेकर काढायचा, मग छातीशी घेऊन हळूहळू फिरायचं, आणि डोळे जड झाले की खाली ठेवून अंगावर हात ठेवून बसायचं. “घाई करू नका. सवय लावायले महिना लागला, सोडवायले आठ दिवस तं द्या,” ती म्हणाली. मग गोपाळरावांकडे वळून म्हणाली, “ढेकर काढाचं काम तुमचं, काकाजी. मोनिकाचा डावा हात वर होत नाही अजून.”

ते काम त्यांनी घेतलं. भूपेंद्रची सुट्टी संपली. रात्री मोनिका पाजून बाळाला वाकळेवर आणून ठेवी, ते उचलून खांद्यावर घेत, पाठ थोपटत, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. बांधलेल्या मागाजवळ आले की बाळ मान वळवून तिकडं पाही. निदान त्यांना तसं वाटे. पाचव्या दिवसानंतर रडणं कमी होत गेलं. बाळ रात्री दोनदा उठे, तीनदा उठे, आणि प्रत्येक वेळी गोपाळराव मोनिकाच्या आधी जागे असत. दाराशी जाऊन खाकरत आणि म्हणत, “बेटा, उठली हाये ती.” अकराव्या दिवशी रितानं झोळी लावली. दोनशे ग्रॅम वाढलं होतं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गोपाळरावांनाही आनंद झाला, पण त्यांची नजर पेटीवरच्या घडीकडे गेली.

त्याच दुपारी मोनिका पेटीजवळ उभी राहिली. “मामाजी, हे कापड तसंच पडून राहिलं. कीर्तीच्या दुपट्याले घेऊ का?”

“नको. दुसरं आणू बाजारातून.”

“काहून? चांगलं तं हाये. मऊ हाये.”

गोपाळराव उठले. कापड घेतलं, उन्हात ओसरीवर पसरलं आणि एका जागी बोट ठेवलं. “इथं हात लाव.”

मोनिका वाकली. तिनं बोटं फिरवली. “इथं जाड लागून राहिलं.”

“आता इथं. आणि इथं.”

“कायचं हाये हे?”

गोपाळरावांनी खाली पाहतच सांगितलं. “इथं इथं ती उठत होती, बेटा. भुकेनं. तोंड उघडून पाहे. मले समजलं होतं. मी तुले हाक नाही मारली. माग जोरानं चालवला आणि तिले झोपवून टाकलं. तुवा पदर बी पाहिला होता मी. पाहून न पाहिल्यासारखं केलं.” ते थांबले. “हा माग राहावा म्हणून. दुसरं काही नाही.”

आत बाळ झोपलं होतं. मोनिका कापडावरचा हात न काढता तशीच बसून राहिली. तिच्या कपाळावरचा पदर घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही.

“मले आवाज ये, मामाजी,” ती शेवटी म्हणाली.

“कायचा?”

“मागाचा. मधातच जोरानं वाजे. मले समजे, पोट्टी उठली असन. मी उठून बसो. छाती फाटून जाईन असं दुखे. पण इतकी झोप ये का… मंग आवाज हळू होऊन जाये, आणि मले वाटे, बरं झालं. झोपली.” तिनं एका पट्टीवर बोट दाबून धरलं. “तुमी हाक नाही मारली. पण मी बी नाही आली. एकच डाव दाराशी आली, तं तुमी नाही म्हणल्यावर लगेच परतली. मले परतायचंच होतं.”

गोपाळरावांना वाटलं होतं की ती रडेल, किंवा बोलेल, किंवा माहेरी निघून जाईल. आपलं ओझं दुसऱ्याच्याही पाठीवर आहे हे कळल्यानं ते हलकं होत नाही, हे त्यांना त्या दिवशी समजलं. कुणी कुणाला माफ केलं नाही. एवढं मोठं बोलणं त्या घरात होत नसे.

मोनिकानं डोळे पुसले आणि कापडाची घडी घातली. “धुतलं का सारखं होऊन जाईन,” ती म्हणाली आणि ते आत घेऊन गेली.

घट्ट वीण धुतल्यानं सैल होत नाही. सत्तावन्न वर्षं मागावर काढलेल्या माणसाला हे माहीत होतं.

रात्री तीनला कीर्ती उठली. मोनिकानं पाजलं. नेहमीप्रमाणे गोपाळराव ओसरीत वाकळ सरळ करून वाट पाहत बसले, मागाच्या काठावर. मोनिका बाळाला नव्या दुपट्यात गुंडाळून बाहेर आली. वाकळेपाशी वाकली, थबकली आणि पुन्हा सरळ झाली. मग दोन पावलं पुढं येऊन तिनं बाळ सरळ त्यांच्या हातांत दिलं.

“धरा, मामाजी. उजव्या हातावर घ्या,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी बाळाला छातीशी धरलं. दुपट्याला साबणाचा वास येत होता. पाठ थोपटता थोपटता त्यांच्या अंगठ्याला एक पट्टी लागली. दोन बोटं रुंदीची, तशीच. कीर्तीनं ढेकर दिला, जांभई दिली आणि त्यांच्या खांद्यावर गाल टेकला. ओसरीत काहीच वाजत नव्हतं. तिचे डोळे हळूहळू मिटत गेले.

थोड्या वेळानं गोपाळरावांच्या ध्यानात आलं की खाली खड्ड्यात आपला उजवा पाय एकटाच हलतो आहे. बांधलेल्या मागाची पावडी रिकामीच वरखाली होत होती. त्यांनी डावा पाय उचलला, उजव्यावर ठेवला आणि तसाच दाबून धरला.